निरक्षरांसाठी? मग लॅटिन कशाला?
इंग्लंडमधल्या फेअरफर्ड गावच्या चर्चमधल्या जुन्या रंगीत चित्रांच्या काचा म्हणजे 'निरक्षरांचं बायबल', म्हणजे वाचता न येणाऱ्यांना चित्रांतून बायबल सांगणाऱ्या, हे त्यांच्यावरच्या लेखातलं वाक्य मला तरी पटलं नाही. मागे तिथे गेले होते, दक्षिणेकडच्या खिडक्यांत बारा प्रेषित (येशूचे शिष्य) उभे आणि प्रत्येकाजवळच्या पट्टीवर श्रद्धासूत्राचं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीचं, एकेक वाक्य, तेही लॅटिनमध्ये, आता हे न वाचता येणाऱ्याला काय कळणार होतं? 😅

खरी गंमत मांडणीत आहे आणि लेखात नेमकी तीच नाही. प्रेषितांच्या बरोब्बर समोर उत्तरेला जुन्या करारातले संदेष्टे, वरच्या ओळीत एका बाजूला हुतात्मे तर समोर त्यांना छळणारे आणि त्यांच्या डोक्यावर चक्क भुतं, मान दुखेपर्यंत बघत बसले. बाकी पश्चिमेच्या अंतिम न्यायाच्या खिडकीचा वरचा भाग मूळचा नाही, १९ व्या शतकातला आहे, तेवढं लिहायला हवं होतं.