चोकबेरी, चोकचेरी आणि आत्याची वाटी

आत्या शिकागोजवळ आमच्याकडे आली की रोज सकाळी नदीकाठच्या पायवाटेवर फिरायला जाते. परवा येताना वाटीभर काळी फळं घेऊन आली आणि थेट मिक्सरचं भांडं शोधायला लागली. कारण फॅमिली ग्रुपवरचा तो फॉरवर्ड : ‘चोकबेरी, म्हणजेच चोकचेरी, हे अमेरिकेतलं करवंद. देठाशी पाच पाकळ्यांची टोपी दिसली, पानं लाल झालेली असली की बिनधास्त तोडा. बिया काढू नका, सगळं सत्त्व बियांतच. मिक्सरला लावून रोज पेलाभर घ्या, डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्या बंद.’ हाच मजकूर मला आतापर्यंत तिघांनी पाठवलाय.

मी वाटीतलं एक फळ विळीवर धरलं. पातं मध्येच अडकलं. आत बोरासारखी एकच टणक बी. म्हणजे ही चोकबेरी नव्हेच, चोकचेरी. चोकबेरीत सफरचंदासारख्या बारीक बिया असतात, सुरी सहज आरपार जाते. नावं जुळी असली तरी कूळ (गुलाबाचं) सोडलं तर दोघींचं फारसं नातं नाही. चोकबेरी म्हणजे, शास्त्रीय नावाने, अरोनिया. चोकचेरी ही चेरी-आलुबुखाराच्या गोतातली, प्रूनस. दोन्ही फळं खाल्ली की जांभळाने जड होते त्याच्या कितीतरी पट जीभ आखडते, म्हणून दोघींच्या नावात ‘चोक’. एवढंच साम्य.

आणि बियांचा सल्ला तर जिवावरचा आहे. चोकचेरीच्या बियांत आणि पानांत असे पदार्थ असतात की ते ठेचले, वाटले की हायड्रोजन सायनाइड सुटतं. हा पाला खाऊन गुरं मरतात इकडे. चुकून गिळलेली अख्खी बी सहसा तशीच बाहेर पडते. पण मिक्सर नेमकं काय करतो? बी फोडतो. चोकबेरी बियांसकट मिक्सरला लावतात, हे खरं. त्या खऱ्या अर्ध्या वाक्याला ‘म्हणजेच’ एवढा एकच शब्द चिकटवून कोणीतरी विषाची पाककृती केलीय.

टोपीचं म्हणाल तर तीही उलटी घातलीय. चोकबेरीला पाच टोकांचा मुकुट असतो, पण देठाच्या विरुद्ध बाजूला, सफरचंदाच्या बुडाशी असतो तसा. देठाशी टोपी असते ती वांग्याला आणि त्याच्या कुळातल्या फळांना, आणि त्यातली काही काळी फळं चांगलीच विषारी आहेत. शिवाय बुडाशी मुकुट ब्लूबेरीलाही असतो, म्हणजे एवढ्यावर ओळख पटत नाहीच.

खरी खूण पानावर असते. ‘फ्लोरा ऑफ नॉर्थ अमेरिका’ या तिथल्या वनस्पतींच्या ग्रंथमालेचा नववा खंड गुलाबाच्या कुळाचा आहे. त्यातली खूण अशी : पानाच्या वरच्या बाजूला मधल्या शिरेवर बारीक गडद ग्रंथींची रांग. आत्याचा पंचांग वाचायचा भिंग घेतला आणि आमच्या अंगणातल्या चोकबेरीचं पान तिच्यापुढे धरलं. शिरेवर सुईच्या टोकाएवढे काळपट ठिपके! चोकचेरीच्या ग्रंथी शिरेवर नसतात, पानाच्या देठावर असतात. फुलंही सांगतात : चोकबेरीचा झुपका पसरट, चोकचेरीचा लांब लोंबता घोस.

लाल पानं? शरदात इथे पॉइझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेलही लाल होते. तोडा आणि आठवडाभर खाजवत बसा. करवंद? करवंदाला चीक आणि काटे, चोकबेरीला दोन्ही नाहीत. उलट काळी फळं आणि फांदीच्या टोकाला काटा दिसला तर ते बकथॉर्न नावाचं झुडूप असू शकतं, आणि त्याच्या फळांनी जुलाब लागतात.

राहिल्या गोळ्या. चोकबेरीत अँथोसायनिन (फळांना जांभळा-काळा रंग देणारं द्रव्य) भरपूर, हे मान्य. पण म्हणून बीपीची गोळी बंद? आत्याची गोळी मी तिच्यासमोर डबीत मोजून ठेवली.

ती वाटीकडे बघत म्हणाली, “मग हे टाकायचं?” टाकायचं कशाला? इथले मूळ रहिवासी चोकचेरी पूर्वीपासून खात आलेत. न ठेचता शिजवली, चाळणीतून गाळली, बिया कचऱ्यात आणि गरात भरपूर साखर. संध्याकाळी पोळीबरोबर तिने वाढलाही. आता कृती ग्रुपवर टाकते म्हणाली. टाक, म्हटलं, पण बियांची ओळ पहिली लिही.