एका ठिपक्याचा प्रश्न

रात्री बाराच्या ठोक्याला आमच्या दिवाणखान्यात मोहरी तडतडते. तेल नाही, कढई नाही, नुसता आवाज. ११:५९ चे १२:०० होताना चारातले तीन आकडे बदलतात, म्हणून ही फोडणी जरा लहान. एक वाजताना चारही बदलतात. तेव्हा नवरा अंथरुणात उठून बसतो आणि म्हणतो, "एक वाजला वाटतं." पूर्वी तुला रात्री किती वाजले ते कळायचं का, असं मी त्याला विचारलं. तो कूस बदलून झोपला. भिंतीवरचे ठिपकेही नेमकं तेच करतात, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

ठिपक्यांनी आकडे-अक्षरं उमटवणाऱ्या आमच्या भिंतीवरच्या या पाटीला फ्लिप-डॉट म्हणतात. एक बाजू काळी, दुसरी झगझगीत पिवळी अशा चकत्या, टिकलीपेक्षा जरा मोठ्या. प्रत्येकीत इवलासा लोहचुंबक आणि मागे तिची स्वतःची कॉइल. कॉइलमधून मिलिसेकंदभर वीज सोडली की चकती टक्कन उलटते. वीज उलट दिशेने सोडली की परत फिरते. मधल्या वेळात तिला काहीही लागत नाही. आतल्या लोखंडात चुंबकत्व उरतं, त्याच्या जोरावर ती जिथल्या तिथे राहते. कॅनडातल्या फेरांटी-पॅकार्ड कंपनीत केन्यन टेलर यांनी ही युक्ती काढली, पेटंट १९६१ च्या सुमाराचं. मॉन्ट्रियलच्या शेअर बाजारात ती लागली, आणि पुढे देशोदेशीच्या बसच्या कपाळावर जाऊन बसली, कारण भर उन्हातही वाचता येते.

मला ती भेटली स्टुटगार्टला. वीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला सहा महिने तिकडे पाठवलं होतं. लोक राजवाडा बघायला जातात. मी थांब्यावर उभी राहून तीन बस सोडल्या, केवळ पाटी बदलताना बघायची म्हणून. चौथी नवऱ्याने हात धरून पकडायला लावली. हल्ली तिकडेही एलईडी आलेत आणि जुन्या पाट्या भंगारात निघतात, हे कळल्यावर मी तिथल्या भाच्याच्या मागे लागले. बिचाऱ्याने सामानातून आणली. चॉकलेटं तिकडेच राहिली, त्याबद्दल घरातली मुलं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

खोकं उघडलं तर पाटीवर मजकूर तसाच होता. वीज तुटताना जे लिहिलेलं होतं ते समुद्र ओलांडून, मुंबईच्या कस्टममधून, एक्सप्रेसवेचे सगळे धक्के खाऊन आमच्या टेबलावर आलं होतं : 'बेट्रिब्सहोफ'.

"म्हणजे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"डेपो, आई. प्रवासी न घेता डेपोत परत जाणाऱ्या गाडीची पाटी."

सासूबाईंनी टेबलावरचे माझे तीन सोल्डरगन, वायरींची भेंडोळी आणि उघडा पडलेला मिक्सर यांवरून नजर फिरवली. "मग बरोबर ठिकाणी आलीय."

सोळा ओळी, चौऱ्याऐंशी स्तंभ, म्हणजे १,३४४ ठिपके. ते चालवायला लागणारं सामान आणायला मी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. "काय बनवताय मॅडम?" दुकानदाराने विचारलं. "बसची पाटी." त्याने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "बस कुठंय?"

वीज दोन्ही दिशांनी सोडायची तर एच-ब्रिज लागतो. चार ट्रान्झिस्टर, जोडीजोडीने चालवायचे. एकाच बाजूचे वरचा आणि खालचा एकदम चालू झाले, तर वीज कॉइलची वाट न धरता सरळ खाली उतरते आणि धूर निघतो. हे मी पॉलिटेक्निकात सव्वीस वर्षं शिकवलं. पोरांच्या जर्नलमध्ये लाल शाईने लिहिलं. तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर मार्क कापले. आणि मग एका मंगळवारी दुपारी, चोवीस व्होल्टचा सप्लाय लावून, मी स्वतः दोन्ही चालू केले. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "उदबत्ती कुठली गं ही?"

इंग्रजी अक्षरं लगेच उमटली. सात ओळींत त्यांचा संसार होतो. आपलं घर मोठं. सोळातली एक ओळ शिरोरेषेने आल्या-आल्या बळकावली. वर चार लागल्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वाराला. खाली तीन उकारांना. उरल्या आठ. आठ ओळींत 'क्ष' काढून बघा! महिनाभर मी चौकटीच्या वहीत ठिपके भरत होते आणि सासूबाई तपासत होत्या. त्या संस्कृतच्या शिक्षिका, निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाली, पण ते फक्त शाळेला माहीत आहे. "हा 'ध' नाही, 'घ' आहे. धन लिहिलंस तर घन होईल. पाऊस पडेल."

अखेर घड्याळ लागलं. पाटीच्या डावीकडे वेळ. आठवडाभर सगळे कौतुकाने बघत होते. मग गुरुवार आला आणि लाइट गेले. वीज गेली तरी पाटी जे दाखवत होती तेच दाखवत राहते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण मी प्रत्येक पाहुण्याला सांगितला होता. नवऱ्याला सांगायचा राहिला. ७:४२ वर त्याने निवांत दाढी केली. ७:४२ ला अंघोळ केली. ७:४२ ला दुसरा चहा घेतला. ७:४२ लाच पेपरातलं शब्दकोडंही सोडवलं. आठची कंपनीची बस गेली, आणि पाटी अगदी ठळक, पिवळ्याधमक आकड्यांत त्याला सांगत होती की अजून पुष्कळ वेळ आहे.

एवढं होऊनही पाटी भिंतीवर राहिली, कारण मामा येणार होते. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली, विश्रांतीला आमच्याकडे यायचे होते. त्यांच्या स्वागताला मी पाटीवर चार धीराचे शब्द टाकायचे ठरवले : 'मामा, चिंता नको'. मजकूर भरला आणि स्टेशनवर त्यांना आणायला गेले.

परत आलो. मामा दारातून आत आले, चष्मा सारखा केला आणि पाटीसमोर उभे राहिले. मीही वाचलं. तेराशे त्रेचाळीस ठिपक्यांनी आपलं काम चोख केलं होतं. एक अडकला होता. अनुस्वाराचा.

'मामा, चिता नको'.

मी पाटीकडे धावले. नवरा तोंड फिरवून बॅगा मोजायला लागला. बॅग एकच होती. मामा मात्र शांत होते. "बरोबर आहे, सूनबाई," ते म्हणाले. "मीही डॉक्टरांना तेच म्हटलं. इतक्यात नको."

मागून सासूबाईंचा आवाज आला, वर्गात घुमायचा तसा : चिता आणि चिंता यांत फरक तो केवळ एका बिंदूचा, एक मेलेल्याला जाळते आणि दुसरी जिवंताला! अख्खा श्लोक त्यांनी संधी फोडून, अन्वयासकट सांगितला. चाळीस वर्षं त्यांनी तो फळ्यावर लिहिला होता, पण पुरावा भिंतीवर उभा राहिलेला पहिल्यांदाच बघत होत्या. मामांनी तेवढ्यात खिशातून दातकोरणं काढलं, स्टुलावर चढू नका म्हणेपर्यंत चढले आणि त्या काळ्या चकतीची कड टोकरली. टक्. ठिपका पिवळा झाला. चिंता परत आली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पंचाईत एवढीच की तो ठिपका आता पिवळा होऊन अडकला. आस वाकलाय, कितीही झटके द्या, हलत नाही. आणि तो नेमका घड्याळाच्या शेवटच्या आकड्याच्या डोक्यावर येतो. चकती काढून आस सरळ करणं हे दहा मिनिटांचं काम. चिमटा घेऊन मी उभी राहिले, तर सासूबाई आडव्या आल्या. पाटीवर ७:२५ झाले होते.

"राहू दे. पांच असंच लिहायचो आम्ही, अनुस्वार देऊन. १९६२ साली नवे नियम आले आणि उच्चार न होणारे सगळे अनुस्वार गेले." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि तुझ्या त्या कॅनडावाल्याने ठिपके कधी काढले म्हणालीस?"

"१९६१ च्या आसपास."

"बघ. तिकडे लावायला घेतले आणि इकडे पुसायला."

तेव्हापासून ठिपका आहे तिथेच आहे. दर दहा मिनिटांतून एक मिनिट आमचं घड्याळ जुन्या नियमांप्रमाणे शुद्ध असतं. उरलेली नऊ मिनिटं सासूबाई त्याच्याकडे बघत नाहीत.