तेल सुटावं, पण चटणीला

शेंगाचटणीला तेल सुटलं की सोलापूरकर खूश. जीपला सुटलं की तोच माणूस बोनेट न उघडताच सांगतो, "मागचं सील गेलं." हे सील इंजिनच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या आड. म्हणून ह्या तीन शब्दांपायी धडधाकट गिअरबॉक्स खाली उतरतात आणि मला त्यांची धास्तीच आहे.

गळकं तेल सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या पोरासारखं: सुटतं एकीकडे, सापडतं भलतीकडेच. टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातून, पाझरलेलं तेल ब्लॉकवरून ओघळतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि इंजिन-गिअरबॉक्समधल्या क्लच हाउसिंगखाली ठिपकतं. त्यात चिखलाचा थर, म्हणजे पुरावाच गाडलेला.

म्हणून आधी आंघोळ. इंजिन गार असताना डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरला प्लास्टिक गुंडाळा, डिझेल आणि ब्रशने घासा, पुसून पूर्ण वाळवा. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा, खाली पुठ्ठा अंथरा. चादर नको, सोलापुरी चादर जुनी झाली, हे घरात कुणी मान्य करत नाही. मग 10-15 मिनिटं इंजिन चालवा आणि टॉर्च मारून वरून खाली बघत या. सगळ्यात वरचा ओला डाग, तोच गुन्हेगार.

बहुतेकदा गुन्हेगार टॅपेट कव्हरचं पॅकिंगच निघतं. उष्णतेने रबर कडक होतं. मग आपला माणूस पाना घेऊन नट आवळतो, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. बऱ्याच छोट्या इंजिनांत हा टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, जेमतेम 10 न्यूटन-मीटर. मनगटाची खुमखुमी इतरत्र भागवावी. सांधे बुजवायचं सिलिकॉन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवरच, थेंबभर. जास्तीचं आत तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

तेलाच्या दाबावर नजर ठेवणाऱ्या प्रेशर स्विचच्या वायरीचा सॉकेट आतून तेलकट असेल, तर स्विचच बदला. ऑइल फिल्टर काढताना जुनी रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, बघा. रिंगवर रिंग बसली तर चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, रिकामं व्हायला वेळ लागत नाही. नव्या रिंगला तेल लावा, टेकली की हाताने पाऊण फेरा. बस्स.

सगळं बदलूनही गळतंय? ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, तपासा. तो तुंबला की आतला दाब बाहेर पडायला सील शोधतो, नवं असो की जुनं.

एवढं झाल्यावरच मागच्या सीलवर संशय घ्या. त्याआधी बोट लावून वास घ्या: गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. तसा आला, तर गळतंय गिअरबॉक्सचं, इंजिन निर्दोष. ते बोट घेऊन मात्र जेवायला बसू नये.