थंड ठेवल्याने बॉल पायथनच्या माद्या निघत नाहीत

मांजलपूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने परवा इन्क्युबेटर २८ अंशांवर आणला. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘बॉल पायथन (घरी पाळतात तो छोटा आफ्रिकी अजगर) ब्रीडिंगचे सोनेरी नियम’. अंडी थंड ठेवा, माद्या जास्त निघतात. अंडी फिरवू नका. म्हातारी मादी काढून टाका. आणि चार-पाच जोड्या असतील तर वही कशाला, सगळं लक्षात राहतं.

पहिला नियम सरळ घातक आहे. तापमानावर नर-मादी ठरते ती मगरींत आणि बऱ्याच कासवांत. वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींची ही गोष्ट कुणीतरी उचलून अजगराला चिकटवली. सापाचं लिंग गुणसूत्रांवर ठरतं, अंडं बाहेर येण्याआधीच. बॉल पायथनची अंडी ३१-३२ अंशांवर साधारण ५५ ते ६० दिवसांत फुटतात. तापमान उतरवलं की दिवस लांबतात, पिल्लं अशक्त निघतात, फार उतरवलं तर आतच मरतात. मादीला भाव जास्त म्हणून पिल्लांचे जीव पणाला लावायचे?

मेसेजवाला म्हणतो, ‘स्वतः करून पाहिलंय, सहापैकी पाच माद्या.’ अहो, सहा पिल्लांचे अकरा क्लच (एका मादीने एका वेळी घातलेली अंडी) घेतले तर त्यातल्या एखाद्यात नुसत्या योगायोगाने पाच माद्या येतात! जोडी कोणती, तापमान किती, पुढच्या क्लचचं काय झालं? काहीच लिहिलेलं नाही.

मादीच हवी असेल तर थर्मोस्टॅट सोडा, वही उघडा. बनाना मॉर्फच्या (म्हणजे पिवळसर रंगाच्या वाणाच्या) नराला तो बनाना जीन बापाकडून आला असेल तर त्याची बनाना पिल्लं बहुतेक नर निघतात. आईकडून आला असेल तर बहुतेक माद्या. हे ब्रीडरांच्या नोंदींतूनच दिसलं. त्यामागचं कारण पुढे कळलं. सगळ्या सापांत पिल्लाचं लिंग मादीच्या गुणसूत्रावर ठरतं, असं साठच्या दशकापासून धरून चालले होते. २०१७ साली ‘करंट बायॉलॉजी’त आलेल्या संशोधनाने बर्मी अजगरात आणि बोआत ते नराकडून ठरतं, आपल्यासारखंच एक्स-वाय, हे दाखवलं. तुमच्या बनाना नराची आई कोण, हे लिहून ठेवलं नसेल तर या माहितीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

अंडी फिरवू नयेत, हे मात्र खरं, मान्य. वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, झालं.

म्हातारी मादी? अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या, साठी ओलांडलेल्या मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली. पंधरा वर्षांहून जास्त काळ ती नराजवळ नव्हती. जुन्या नोंदी होत्या म्हणून तर हे ठामपणे सांगता आलं.

तेव्हा जोडी कधी लावली, लॉक (नर-मादीचं मीलन) कधी दिसलं, मादीने कात कधी टाकली, अंडी किती, पिल्लं कधी फुटली, नर किती, माद्या किती, हे त्या त्या दिवशीच लिहा. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथन बाळगण्याचीच नाही, पिल्लांच्या जन्माचीही नोंदणी सक्तीची आहे. ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, आणि तिथे तारखा लागतात.