चावी कुणाकडे ठेवताय?

काल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या वॅगन आरचा फोटो आला आणि खाली मजकूर, 'ही बेवारस गाडी कोणाची आहे? पार्किंगमध्ये अशी वाहने चालणार नाहीत.' फोटोत गाडीशेजारी मी उभा आहे. बनियनवर, हातात पाना. म्हणजे फोटो काढणाऱ्याने मला फ्रेममध्ये नीट बसवून घेतलं आणि मग हिचा वारस कोण म्हणून विचारलं.

झालंय असं की लेकीकडे कॅनडाला जायचंय, दिवाळीशिवाय परत येणं नाही, तोवर गाडी उभी. पावसाळ्यात उभ्या गाडीचे काय हाल होतात ते मला चांगलं माहितीये, गेल्या वर्षी जरा गावाला गेलो तर उंदरांनी वायरिंग खाल्लं. म्हणून यावेळी सगळं रीतसर करायचं ठरवलं. ऑइल बदललं, कारण जुनं ऑइल आम्लट झालेलं असतं, ते महिनोन्महिने इंजिनात बसू द्यायचं नाही. गाडी धुतली. पंपावर जाऊन टाकी फुल्ल केली, टायरमध्ये नेहमीपेक्षा जरा जास्त हवा भरली, नाहीतर एका जागी उभं राहून टायर खालून चपटे होतात. येताना सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्याची धूळ बसून गाडी होती तशी झाली, म्हणून परत धुतली. राहिलं फक्त बॅटरीचं. बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना लावला, तेवढ्यात मागून आवाज.

"गेली का?"

नाना. तिसरा मजला. नाना ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेत आणि तिथे आधी मिग बनायची, नंतर सुखोई, त्यामुळे आमच्या सोसायटीतलं कुठलंही यंत्र, मग तो पाण्याचा पंप असो नाहीतर कुणाचा मिक्सर, नानांच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. ते स्टोअर्समध्ये होते आणि त्यांचा विमानाशी संबंध मागणीपत्रापुरताच आला असं त्यांच्याच एका मित्राने मला खासगीत सांगितलंय. पण २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला त्या दिवशी नाना लिफ्टमध्ये भेटले तर चेहरा असा की मी काही न बोलता त्यांचा हात हातात घेतला. असो.

"गेली नाही नाना, बॅटरी काढतोय. लेकीकडे चाललोय, दिवाळीपर्यंत."

"मग विकली का?"

"विकली असती तर बॅटरी कशाला काढत बसलो असतो?"

"तेच विचारतोय."

यावर काय बोलणार. मी पाना फिरवायला घेतला.

"आधी निगेटिव्ह."

"निगेटिव्हच काढतोय."

"काळी?"

"काळी."

"नक्की? कारण आधी पॉझिटिव्ह सोडलीस आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी. मिगच्या बाबतीत असं झालं असतं तर आज ओझर नकाशावर नसतं."

आता वाईट याचं वाटतं की नानांचं बरोबर होतं. चुकीचा सल्ला देणाऱ्या माणसाला झटकता येतं, पण आपण जे करतोय तेच करायला सांगणाऱ्याचं काय करायचं? मी काळी वायर काढली, फडक्यात गुंडाळून बाजूला केली आणि नानांनी मान हलवली. जणू त्यांनीच काढली.

"टाकी रिकामी केलीस ना?"

"फुल्ल केलीये. रिकामी ठेवली की आत दमट हवा राहते, पाणी धरतं."

"अरे पण आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे शेवटी काय? दारू. दारू पाणी ओढते."

दारू पाणी ओढते हे नाशिककराला सांगायला नको, इथे द्राक्षाचं दुसरं काय करतात. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं म्हणूनच तर टाकीत हवेला जागा ठेवायची नाही, हे मी त्यांना पूर्ण वाक्यात, उदाहरणासकट सांगितलं. नाना म्हणाले, "बघ बाबा, तुझी गाडी आहे." मराठीत याच्याइतका मोठा शाप नाही.

मग हँडब्रेक. मी तो ओढलेला नव्हता. लायनर पावसाळ्यात ड्रमला चिकटून बसतात, मग दिवाळीत गाडी काढायला जावं तर मागची चाकं फिरतच नाहीत. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकांना विटा लावल्या होत्या. नाना विटांकडे बघत राहिले.

"ह्या काय?"

"विटा."

"चोक लावतात रे चाकाला. लाकडी. तिरपे. आम्ही मिगला वीट लावली असती तर?"

"मिगचं माहिती नाही नाना, ही वॅगन आर आहे आणि पार्किंग सपाट आहे."

"धावपट्टीपण सपाटच असते."

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. सायलेन्सरच्या तोंडात मी जुन्या टॉवेलचा बोळा कोंबलेला होता, उंदीर, पाली काही आत जाऊ नये म्हणून. ते बघितल्यावर नानांचे डोळे चमकले, ते काही न बोलता वर गेले, आणि मी मनात म्हटलं सुटलो. पाचच मिनिटांत नाना खाली, हातात लाल कापडाची हातभर लांब पट्टी. नानींच्या जुन्या साडीचा काठ. "विमानाच्या भोकांना झाकणं लावली ना, की त्यांना अशी लाल पट्टी लोंबती ठेवतात. उड्डाणापूर्वी काढायची आठवण म्हणून. नाहीतर तू येशील दिवाळीला, बोळा विसरशील आणि मारशील स्टार्टर." म्हणजे पुन्हा बरोबर! त्यांनी ती बोळ्याला बांधली, उरलेल्या काठाची एक बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, एक आरशाला. आरशाला कशाला? "दिसायला पाहिजे." वायपर काचेपासून उचलून उभे केले, रबर चिकटू नये म्हणून. मी आधीच इंजिनाच्या बेचक्यात डांबरगोळ्या आणि उंदरांसाठी तंबाखूची पानं ठेवली होती, त्यातली काही पानं बाहेर डोकावत होती.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. लाल फडकी, तंबाखूची पानं, चारी चाकांना विटा, दोन काठ्या वर. धुण्याभांड्याच्या मावशी लांबून वळसा घालून गेल्या. रात्रीच्या वॉचमनने त्या बाजूला राउंड मारणं बंद केलं. ए विंगमधल्या एक बाई आमच्या हिला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, घरात काही चालू आहे का तुमच्या, पेठ रोडला एक जण बघतात, गुरुवारी जायचं. आणि त्याच दुपारी सेक्रेटरीसाहेबांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी खाली भला मोठा खुलासा लिहिला, एमएच १५ पासून पुढचा अख्खा नंबर टाकला, मेंटेनन्सच्या पावतीचा फोटो जोडला. त्यावर तिघांनी अंगठा दाखवला आणि चौथ्याने विचारलं, बरं मग चावी कुणाकडे ठेवताय?

इथे माझं डोकं जे सटकलंय ते अजून जागेवर नाही. गाडी ठेवून जाणार म्हटल्यापासून जो भेटतो त्याला चावी पाहिजे. सेक्रेटरीला पाहिजे, कारण अग्निशमनची गाडी आली तर आपली हलवायला हवी. दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला पाहिजे, कारण त्याचं लर्निंग निघालंय आणि 'काका, हात साफ होईल'. समोरच्या फ्लॅटमधल्यांना चावीसुद्धा नको, गाडी फक्त भिंतीला अजून चिकटवून लावा म्हणाले, म्हणजे त्यांच्या पाहुण्यांची बाइक बसेल. आणि नानांना पाहिजे, दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करायला. यावर मात्र नाना साफ चूक आहेत आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, स्टार्टरने खाल्लेली बॅटरी भरून येत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो तो वेगळाच. चालवायची तर नीट चार-पाच कोस चालवा, नाहीतर हातच लावू नका. नाना म्हणाले, "मग त्र्यंबकपर्यंत जाऊन येत जाईन." बघा! हे होतं पोटात.

बरं, गाडीचं कुणाला काही पडलेलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की निम्मं नाशिक होळकर पुलावर उभं राहतं, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं का छातीला, यावर पैजा लागतात, व्हिडिओ येतात. पण आमच्या पार्किंगमध्ये गटार तुंबून पाणी चढतं तेव्हा खाली उतरून कुठवर आलंय एवढं बघायला एक माणूस तयार नाही. मी सगळ्यांना विचारलं. म्हटलं चावी नको, फक्त जोराचा पाऊस झाला की एक फोटो पाठवा. सेक्रेटरी म्हणाले, ते आमच्या कामात बसत नाही. लर्निंगवाल्याने फोनमध्ये बघत हो म्हटलं. पाहुणेवाल्यांनी तर ऐकूच आलं नाही असं केलं. माझ्या बनियनचा फोटो काढायला बरे खाली आले होते!

त्यात विम्याचा एजंट. पॉलिसी ऑगस्टमध्ये संपतेय तर म्हणे, गाडी उभीच आहे ना काका, आल्यावर करू निवांत. अरे बाबा, पाणी शिरणार ऑगस्ट-सप्टेंबरात, झाड पडलं तर तेव्हाच पडणार, आणि संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू नाही केली तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस बुडणार. त्याला बसवून आत्ताच रिन्यू करून घेतली. कव्हरपण कापडाचंच घातलं, ज्यातून वारा खेळेल, प्लास्टिकच्या आत घाम धरतो. नानांनी कव्हरवरूनही एक लाल पट्टी बांधलीये. ती मी काढली नाही. खरं सांगायचं तर या सगळ्यांत विटा हातात घेऊन बघितल्या त्या त्यांनीच, आणि आज सकाळी लाकडाचे दोन तिरपे ठोकळे कुठून तरी पैदा करून आणून लावले. तासून. बरोबर बसतात.

तरी चावी नाही म्हणजे नाही. हातातल्या बॅगेत, पासपोर्टच्या कप्प्यात टाकलीये. बायको म्हणते तिकडे काय करणार आहात तिचं. विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली आणि कुणी विचारलंच तर सांगेन, गाडीची आहे, गाडी नाशिकला आहे, आणि नाही, तुम्हालाही देणार नाही.