कळण्याची भाकरी खाऊन गोळ्या बंद? त्या मेसेजमधलं खरं किती आणि घातक किती

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या फॅमिली ग्रुपांवर मधुमेहाचा एक लांबलचक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. शब्द बदलतात, गाभा तोच. गहू-तांदूळ सोडा, ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी पोटभर खा. साखरेऐवजी गूळ घ्या. केळ्याला हात लावू नका. रोज सकाळी कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी प्या. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली की गोळ्या बंद करा, त्यांनी किडनी जाते. आणि इन्सुलिन घेऊच नका, सवय लागते. यातली बरीच वाक्यं खऱ्याच्या आसपासची आहेत, म्हणूनच मेसेज लोकांना पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

"भाकरी पोटभर खा, साखर वाढत नाही." भाकरी चांगलीच, भानगड 'पोटभर' या शब्दात आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं (पचल्यावर ज्यांची साखर होते ती) साधारण ६५ ते ७० ग्रॅम, आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. कळण्यात मात्र थोडा फायदा आहे. चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट काळे उडीद दळले, तर प्रथिनं आणि चोथा वाढतो आणि कर्बोदकं १०० ग्रॅममागे चार-पाच ग्रॅमने उतरतात. पण ८० ग्रॅम पिठाची एक जाड भाकरी धरली तरी तिच्यातून पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. दोन भाकरी म्हणजे १००. गव्हाच्या चार पोळ्या सोडून तीन भाकरी खाणाऱ्याची साखर उतरत नाही, यात नवल काय?

मग करायचं काय? पीठ एकदा काट्यावर तोला, म्हणजे आपल्या घरच्या एका भाकरीला किती लागतं ते कळेल. ताटात एक भाकरी, वाटीभर उडदाचं किंवा तुरीचं वरण, आणि अर्धं ताट भरेल इतकं भरीत किंवा पालेभाजी. आधी भाजी-वरणाचे चार घास, मग भाकरी. या क्रमाने जेवणानंतरची साखर हळू चढते. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत घात वांग्यामुळे होत नाही, सोबतच्या पुऱ्यांमुळे होतो. जेवून झाल्यावर खाटेवर आडवं होण्याऐवजी १०-१५ मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तरी आकडा बदलतो.

बदलतो की नाही, हे ग्लुकोमीटरवर बघता येतं. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा. एक दिवस एक भाकरी, दुसऱ्या दिवशी दोन, बाकी ताट तेच ठेवायचं. बहुतेक प्रौढांना जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे लक्ष्य दिलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांना आणि गरोदर बायांना ते वेगळं असतं. टोचण्याआधी हात पाण्याने धुऊन कोरडे करा. नुकतंच केळं सोललेलं असेल किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस कालवला असेल, तर बोटाला राहिलेली साखर रक्तात मिसळून आकडा भलताच वर दाखवते. बोटाच्या पेराला मधोमध न टोचता बाजूला टोचा आणि बोट फार पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात खिडकीत पडलेल्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका.

"गूळ चालतो, केळं विष." उलटंच म्हणावं लागेल. गुळात ८० टक्क्यांहून जास्त साखरच असते. थोडे क्षार असतात, पण चहात चमचाभर गूळ घालून कोणाचं लोह वाढत नाही. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं. रावेर-यावलचं मोठं केळं असेल तर अर्धं खा, काळे ठिपके पडण्याआधीचं निवडा, आणि जेवणावर वरून न घेता मधल्या वेळी घ्या. बाग दारात असताना केळं जन्मभर वर्ज्य करायची गरज नाही.

"कारलं-मेथीने गोळ्या सुटतात." मेथीदाण्यातला विरघळणारा चोथा साखर शोषली जाण्याचा वेग थोडा कमी करतो, कारल्याचाही थोडाफार परिणाम दिसतो. खरा धोका आहे तो ग्लिमेपिराइडसारखी साखर जोरात उतरवणारी गोळी चालू असताना वरून ग्लासभर रस पिऊन, न्याहारी टाळून कापूस वेचायला जाण्यात. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक चिडचिड अशी लक्षणं दिसली की तपासा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. तपासायची सोय नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर द्या. सावरल्यावर काहीतरी खाऊ घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना गाठा.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ज्यांच्या गोळीत आहे, त्यांच्या आतड्यात साधी साखर लवकर फुटत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरच खिशात ठेवावी, सुमारे १५ ग्रॅमची पुडी. गोळीच्या पाकिटावर नावं छापलेली असतात, वाचा.

गोळ्या कधीच सुटत नाहीत, असंही नाही. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, विशेषतः निदान नवं असताना, दहा-पंधरा किलो वजन उतरवून औषधाशिवाय साखर ताब्यात राहिलेली माणसं आहेत. त्यासाठी डॉक्टर पायरीपायरीने डोस उतरवतात, आणि तपासण्या पुढेही चालूच राहतात.

"गोळ्यांनी किडनी जाते." किडनी वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने जाते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच खूप मंदावलेली असेल तर ते शरीरात साचतं, म्हणून डोस कमी करतात किंवा बंद करतात. लोकांनी नेमका उलटा अर्थ काढला. या गोळीचा खरा तोटा म्हणजे वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ उतरू शकतं, तेव्हा पायाला मुंग्या येत असतील तर तेही तपासून घ्या. किडनीसाठी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी पुरते.

"उपाशीपोटी नॉर्मल म्हणजे बरा झालो." सकाळी ११० आणि जेवणानंतर २४० असणारे पुष्कळ आहेत, आणि मुळात तो ११० बहुधा गोळीनेच आणलेला असतो. म्हणून लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी करतात; बऱ्याच प्रौढांसाठी लक्ष्य ७ टक्क्यांच्या आत. पण खानदेशात याला एक मोठा अपवाद आहे. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आढळतो. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटी कमी येते. नुसता वाहक असेल तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि ग्लुकोमीटरच्या नोंदींची वही सोबत न्या.

"इन्सुलिनची सवय लागते." १९२२ साली टोरांटोत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. त्याआधी टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही तो प्रकार, झालेली मुलं जगत नव्हती. आजही टाइप १ असलेल्या मुलांचं इन्सुलिन अशा मेसेजवर विसंबून थांबवलं तर काही दिवसांत, कधी एकदोन दिवसांतच, रक्त आम्लधर्मी होऊन जीव जातो.

आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं तर फेकून द्या. वापरात असलेली कुपी ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात वाळू घालून त्यात छोटं मडकं बसवा, दिवसातून दोनदा वाळू भिजवा, कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत ठेवा आणि वर ओलं फडकं झाका. जागा सावलीची आणि वारा लागणारी हवी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे चांगलं चालतं. पावसाळ्यात दमटपणामुळे गारवा कमी होतो, तेव्हा आत थर्मामीटर ठेवा. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ प्रकारात हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर वापरू नका. उन्हाने ताकद गेलेलं इन्सुलिन कधीकधी दिसायला अगदी चांगलं असतं, त्यामुळे डोस तोच असून साखर दोन-तीन दिवस चढीच राहिली तर डोस वाढवण्याआधी नवी कुपी उघडून बघा.