एकहाती घडलेले सिंगापूर?

बडोद्यातील मराठी मंडळींमध्ये, विशेषतः दांडिया बाजार-रावपुरा भागातील ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांत, एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: सिंगापूर हे कोळ्यांचे दरिद्री खेडे होते; तेथील पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांनी विरोधकांची तोंडे बंद करून, कोणाला काहीही फुकट न देता आणि एकही निर्णय न चुकता, तीस वर्षांत एकहाती त्याचे श्रीमंत राष्ट्र केले; सयाजीराव महाराजांनी बडोदे असेच घडवले; म्हणून भारतालाही असाच हुकमी माणूस हवा. ली यांच्या कर्तृत्वाविषयी दुमत असण्याचे कारण नाही, पण त्याचा हा हिशेब चुकीचा मांडलेला आहे.

कोळ्यांचे खेडे हे वर्णन फार तर 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी रॅफल्स तेथे उतरले त्या वेळच्या बेटाला लागू पडेल. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर हे बंदर पूर्व-पश्चिम व्यापाराच्या मुख्य वाटेवर आले आणि मलायाचे कथील व रबर तेथूनच जगभर जाऊ लागले. 1965 मध्ये मलेशियातून बाहेर पडावे लागले, तेव्हा सिंगापूरचे दरडोई उत्पन्न भारताच्या चौपटीच्या आसपास होते. बेकारी होती, झोपडपट्ट्या होत्या, ब्रिटिशांचे लष्करी तळ उठण्याचे संकटही पुढे आले. परंतु ली यांच्या हाती आले ते अडचणीत सापडलेले मोठे बंदर होते.

‘एकहाती’ हा शब्द तर त्यांच्या सहकाऱ्यांवर अन्याय करणारा आहे. जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभी करण्याचा हट्ट अर्थमंत्री गोह केंग स्वी यांचा होता, आणि सुरुवातीस लोक तिला ‘गोह यांचा मूर्खपणा’ म्हणून हिणवत. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर आलेले डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस 1984 पर्यंत सल्ला देत राहिले. लाचलुचपत तपास विभाग 1952 चा आणि भविष्य निर्वाह निधी 1955 चा, म्हणजे दोन्ही ली सत्तेवर येण्याआधीच्या ब्रिटिश राजवटीतले. ली यांनी त्या तपास विभागाला खरी धार दिली व स्वतःच्या मंत्र्यांनाही सूट दिली नाही, हे मात्र निर्विवाद आहे.

काहीही फुकट दिले नाही, हे विधान अर्धसत्य असल्यामुळेच अधिक फसवे आहे. 1961 च्या मे महिन्यात बुकित हो स्वी येथील झोपड्यांना आग लागून सुमारे 16,000 माणसे बेघर झाली. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने पहिल्या पाच वर्षांत 50,000 हून अधिक घरे बांधली. यासाठी लागणारी जमीन बाजारातून आली नाही. 1966 च्या भूसंपादन कायद्याने सरकारने ती बाजारभावापेक्षा कमी मोबदला देऊन ताब्यात घेतली, आणि 1968 पासून लोकांना निर्वाह निधीतील पैसे वापरून तीच घरे 99 वर्षांच्या पट्ट्याने विकत घेता येऊ लागली. आजही तेथील चारांतील तीनांहून अधिक रहिवासी अशा सरकारी घरांत राहतात. ज्यांना आपल्याकडे घरकुल योजना ही उधळपट्टी वाटते, नेमके तेच सिंगापूरचा दाखला देतात, हे मला गमतीचे वाटते.

आता तोंडे बंद करण्याविषयी. फेब्रुवारी 1963 मध्ये शंभराहून अधिक विरोधकांना अटक झाली. 1966 मध्ये पकडलेले माजी आमदार चिया थाय पो खटल्याविना 23 वर्षे कैदेत राहिले. हे सारे घडले; पण त्यामुळेच समृद्धी आली, असे म्हणणाऱ्याने ब्रह्मदेशाचे काय झाले तेही सांगावे. तेथे ने विन यांनी 1962 मध्ये सत्ता हाती घेतली, दडपशाहीत काहीही कमी केले नाही, आणि 1987 मध्ये त्या देशाला अतिअल्पविकसित राष्ट्रांच्या यादीत जाऊन बसावे लागले. फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला. तेथेही समृद्धी आली नाही.

चुका तर झाल्याच. ‘दोनच पुरे’ ही कुटुंबनियोजनाची मोहीम इतकी यशस्वी ठरली की 1987 मध्ये सरकारला ‘परवडत असल्यास तीन किंवा अधिक’ असे सांगावे लागले. पदवीधर मातांच्या मुलांना शाळाप्रवेशात झुकते माप देणारी 1984 ची योजना तर लोकक्षोभामुळे वर्षभरातच मागे घ्यावी लागली, म्हणजे तोंडे पूर्ण बंद नव्हती आणि त्याचा सरकारला उपयोगच झाला.

राहिले सयाजीराव महाराज. 1875 मध्ये ते गादीवर आले तेव्हा अल्पवयीन होते, आणि विस्कटलेला कारभार दिवाण सर टी. माधवराव यांनी मार्गी लावला. पूर्ण अधिकार त्यांना 1881 मध्ये मिळाले. प्राथमिक शिक्षणाची सक्ती त्यांनी एका हुकमाने सबंध राज्यावर लादली नाही. 1893 मध्ये ती आधी अमरेली भागात करून पाहिली आणि 1906 मध्ये राज्यभर लागू केली. ग्रंथालयांची व्यवस्था उभारण्यासाठी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना आणले. बडोदे संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि महाराजांचा हुकूम चालवणारे कोणी उरले नाही. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र आजही मांडवीजवळ सुरू आहे.